गावाला जाताना घरातल्या माशांचं काय?



मागच्या आठवड्यात आम्ही दोघं तीन दिवस कुंभोज बाहुबलीला जाऊन आलो. आमच्या सावर्ड्याहून चिपळूण, मग कुंभार्ली घाट, कराड आणि तिथून पुढे हातकणंगले. रात्रीचं जेवण नाही, बाहेरचं पाणी नाही, म्हणून आदल्या दिवशीच दशम्या, चटणी, भाजलेले पोहे आणि गाळून उकळलेलं पाणी अशी तयारी केली. दूधवाल्याला सांगितलं, गॅस बंद केला, कुंड्या सावलीत आणून ठेवल्या. तेवढ्यात हे म्हणाले, "माशांना काय घालून जाणार?"

मी म्हटलं, "काही नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. घरातलं कुणी उपाशी राहिलेलं मला चालत नाही. दारात आलेल्या गाईला पोळी घातल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. आणि तीच मी म्हणत होते की माशांना तीन दिवस काहीही घालायचं नाही. त्यामागे एक जुनी चूक आहे. ती लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमच्याकडे काचेची पेटी आली ती नातवाच्या हट्टामुळे. तेव्हा मुलगा आणि सून इथेच राहत होते. मी नाहीच म्हणत होते. जैनाच्या घरात जीव कोंडून ठेवायचे म्हणजे काय! पण सहा वर्षांच्या मुलापुढे आजीचं किती चालणार? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी आली, म्हणजे साधारण 55 लिटर पाणी, आणि त्यात तीन गोल्डफिश. आल्यावर मात्र सगळं माझ्याच गळ्यात पडलं. शाळेत जाणाऱ्या मुलाला कुठला वेळ? सकाळी अभिषेक-पूजा आटोपली की माशांना चिमूटभर दाणे आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी आमच्या जेवणाआधी पुन्हा चिमूटभर, असा क्रम बसला. हळूहळू माया जडली. मी काचेजवळ गेले की तिघंही पुढे येऊन तोंड उघड-मीट करायचे.

2017 च्या भाद्रपदात दशलक्षण पर्वासाठी मी माहेरी सांगलीकडे गेले होते. तुम्हाला माहीतच आहे, दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी, म्हणजे उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो, आणि तो व्रतांचा. पंडितजी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार समजावून सांगत होते : बंध म्हणजे बांधून, कोंडून ठेवणं, वध म्हणजे मारझोड, छेद म्हणजे अवयव तोडणं, अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं, आणि अन्नपाननिरोध म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवाचं अन्नपाणी रोखणं. लहानपणापासून हे ऐकलं होतं, पण तेव्हा डोळ्यांसमोर बैल आणि घोडे यायचे. त्या दिवशी पहिल्यांदा आमची काचेची पेटी आली. बंध तर रोजच चालू होता. निदान पाचवा अतिचार तरी आपल्या हातून घडू नये, असं मी मनाशी ठरवलं.

त्यानंतर फेब्रुवारी 2018 मध्ये श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक आला. बारा वर्षांनी येणारा योग, घरातल्या सगळ्यांनीच जायचं ठरलं. जाऊन येऊन पाच दिवस. निघायच्या पहाटे मी पेटीसमोर उभी राहिले आणि हिशोब केला. मी सांगलीची बी. कॉम., हिशोब माझ्या हाडात. पाच दिवस, रोज दोन वेळा, म्हणजे दहा चिमटी. यायला उशीर झालाच तर आणखी दोन. बारा चिमटी दाणे मी एकदम पाण्यात टाकले, नोकराला आगाऊ पगार द्यावा तसे. वर हात जोडले आणि निर्धास्त मनाने गाडीत बसले. तिकडे भगवंतांच्या मस्तकावरून दुधाच्या, हळदीच्या धारा वाहताना बघून डोळे भरून आले. माशांची आठवणसुद्धा झाली नाही.

परत आलो तर दार उघडताच वास. पाणी पांढुरकं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. तळाशी फुगलेल्या दाण्यांचा थर आणि त्यावर बुरशी. दोन मासे उलटे तरंगत होते. तिसरा, ज्याला नातू केशऱ्या म्हणायचा, पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होता.

नातू रडायला लागला. त्याने विचारलं, "आजी, ते का मेले?" आणि मी पटकन म्हणून गेले, "लाईट गेली असेल रे, पंप बंद पडला असेल." कोकणात लाईट जाणं इतकं नेहमीचं की त्याला ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. पण आमच्या स्वयंपाकघरातलं विजेवर चालणारं घड्याळ लाईट गेली की शून्यावर येऊन लुकलुकत राहतं. ते बरोबर वेळ दाखवत होतं.

आठवड्याने चिपळूणला शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदाराकडे गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. तो बिचारा जराही हसला नाही. म्हणाला, "काकी, उपाशी राहून मासे असे पाच दिवसांत मरत नाहीत. जास्त खाल्ल्याने आणि उरलेलं सडल्याने मरतात." मग त्याने समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. नंतर वाचत गेले तसं आणखी कळत गेलं. तुमच्यासाठी सोपं करून सांगते.

मासा हा आपल्यासारखा गरम रक्ताचा प्राणी नाही. शरीर गरम ठेवायला आपलं बरंचसं अन्न खर्ची पडतं. माशाचा तो खर्चच नाही. म्हणून धडधाकट, पूर्ण वाढलेला मासा तीन-चार दिवस, अगदी आठवडाभरसुद्धा, अन्नावाचून नीट राहू शकतो. त्यातून गोल्डफिशला आपल्यासारखं जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. एकदम भरपूर खाऊन ते साठवून ठेवणं त्याला जमत नाही. समोर आलं की तो खात राहतो आणि काचेजवळ कुणी आलं की तोंड उघडतो. मी त्याला भूक समजत होते. ती बरीचशी सवय होती.

न खाल्लेलं अन्न सडतं आणि त्यातून अमोनिया तयार होतो. माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतूनही तो सतत पाण्यात मिसळत असतो. एरवी फिल्टरच्या स्पंजावर वाढलेले सूक्ष्म जीव अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोडं असेल तर फारसं बाधत नाही. पण हे जीव रोजच्या कामापुरतेच असतात. बारा चिमटींचं काम एकदम आलं तर ते त्यांना कसं झेपणार? शिवाय अन्न सडवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. पाणी पांढरं झालं होतं ते त्यांच्यामुळे. केशऱ्या वर येऊन धापा टाकत होता तेही त्याचमुळे.

म्हणजे अन्नपाननिरोध टाळायला गेले आणि माझ्या हातून वध घडला. झेपणार नाही इतकं ओझंही मीच त्या पाण्यावर घातलं. हे कळल्यावर कितीतरी दिवस सामायिकाला बसलं की तीच पेटी समोर यायची. मी जेवू घातलं ते माशांची भूक बघून नव्हे, तर माझी भीती बघून. पाप लागू नये या घाईत समोरच्या जीवाला काय हवं ते बघायचंच राहिलं.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी नातवाला जवळ बसवलं. म्हटलं, "बाळा, लाईट गेली नव्हती. आजीने जास्त खायला घातलं म्हणून मासे गेले. आणि आजी तुझ्याशी खोटं बोलली. मला क्षमा कर." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "केशऱ्याला पण सॉरी म्हण." मी पेटीजवळ जाऊन हात जोडले. लहान मुलासमोर चूक कबूल करणं मंदिरात शंभर जणांना उत्तम क्षमा म्हणण्यापेक्षा अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे मुलाला पुण्यात नोकरी लागली, नातू गेला, पेटी राहिली. केशऱ्या एकटा होता. गोल्डफिशला सोबत लागते. सावर्डे सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाने त्यांचे दोन मासे ठेवून घ्याल का म्हणून विचारलं, ते घेतले. मोठी पेटी केली, तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, सुमारे सव्वाशे लिटरची. नवे मासे विकत मात्र आणले नाहीत.

आता घर बंद ठेवून जाताना मी काय करते ते सांगते. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी नातवंडांनी अशी पेटी आणून ठेवलेली आहे, हे मला ठाऊक आहे.

दोन-चार दिवस जायचं असेल तर काहीही घालून जायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी नेहमीइतकंच, म्हणजे दोन मिनिटांत संपेल इतकंच द्यायचं. "उद्यापासून मिळणार नाही" म्हणून एक दाणाही जास्त नाही. सूर्यास्तापूर्वी दिलं की उरलेलं डोळ्यांना दिसतं आणि जाळीने काढून टाकता येतं. आपला नियम इथेही उपयोगी पडतो.

निघायच्या दोन दिवस आधी पाव हिस्सा पाणी बदलायचं. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन काढणारे थेंब दुकानात मिळतात, ते घालायचे. आमचं विहिरीचं आहे. ऐन निघताना पाणी बदलायचं नाही, काही बिघडलं तर बघायला आपण घरी हवं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही, त्यावरचे उपयोगी जीव जातात. पेटीतलंच थोडं पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळायचा. आपल्या आया-आज्ज्या पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव त्याच विहिरीच्या पाण्यात परत सोडायच्या. स्पंज धुताना मला हमखास त्याची आठवण होते.

आपल्या कोकणात अन्नापेक्षा मोठी काळजी लाईटची. पंप बंद पडला की पाण्यात हवा मिसळत नाही. पंपाला वीज अगदी थोडी लागते, म्हणून मी तो इन्व्हर्टरवर जोडून घेतला आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूणला महापूर आला तेव्हा आमच्याकडेही लाईट नव्हती आणि इन्व्हर्टरही संपला. मी दर थोड्या वेळाने पेटीतलंच पाणी तांब्यात घेऊन वरून धार सोडत होते. तेवढ्यानेही हवा मिसळते. त्या दिवसांत खायला काहीच दिलं नाही. खाणं पचवायलाही माशाला प्राणवायू लागतो आणि तोच कमी होता.

पेटीवर झाकण हवं, उन्हाची तिरीप नको, दिवा बंद. दुकानात सुट्टीसाठी म्हणून पांढऱ्या वड्या मिळतात, त्या पाण्यात हळूहळू विरघळतात आणि त्यातून खाद्य सुटतं. त्यांनी पाणी गढूळ होऊ शकतं, म्हणून मी त्या वापरत नाही. बॅटरीवर चालणारी खाद्याची डबीही मिळते, पण पावसाळ्यात आपल्या दमट हवेत दाण्यांचा गोळा होतो. घ्यायचीच असेल तर आधी आठवडाभर घरी असताना चालवून बघा.

आठ दिवसांच्या पुढे जायचं असेल तर मात्र माणूस हवा. तेव्हा मी यांची गोळ्यांची सात खणांची डबी वापरते. ज्या वारी द्यायचं त्या वाराच्या खणात नेमके तेवढेच दाणे भरते आणि मोठा डबा कपाटात कुलपात ठेवते. डबा हाती लागला की प्रेमळ माणूस जास्तच घालतो. मी स्वतःवरून सांगते. आणि पिल्लं असतील, मासा आजारी असेल किंवा नुकताच आणलेला असेल, तर त्याला असं सोडून जायचंच नाही. लहान जीवाला वरचेवर खाणं लागतं, तिथे मोठ्यांचा नियम लागू नाही.

एक मैत्रीण मला म्हणाली, "बरं आहे, माशांचाही उपवास घडतो." मला ते पटलं नाही. उपवास आपण आपल्या इच्छेने करतो, पच्चक्खाण घेऊन. माशाला विचारलं कुणी? त्याला तीन दिवस खाणं दिलं नाही तर ते त्याचं तप होत नाही, ती माझी सोय असते. फार तर एवढंच की त्या सोयीने त्याला इजा होत नाही, हे मी खात्री करून घेतलेलं असतं.

आता खाद्याची गोष्ट. आपण बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचतो. तसं मी एकदा माशांच्या खाद्याचं पाकीट वाचलं तर त्यात फिश मील. मासे वाळवून केलेली पूड! तेव्हापासून उकडून साल काढलेला मटार कुस्करून, वाफवलेली पालकाची पानं, दुधीची पातळ चकती असं देते. गोल्डफिश दोन्ही प्रकारचं खातो, हे सगळं आवडीने खातो. पण फक्त एवढ्यावर त्याचं पोषण पूर्ण होईल असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, म्हणून थोडे दाणे अजूनही विकत आणते. मनाला लागतं. माशाचा स्वभाव माझ्या हातात नाही, पण आणखी मासे न आणणं माझ्या हातात आहे.

काही जणी म्हणतात, मग नदीत सोडून अभयदान का देत नाहीस? तेही मी विचारून घेतलं. पेटीत वाढलेल्या रंगीत माशाला बाहेर लपायचं कसं ते कळत नाही, बगळा पहिला त्यालाच टिपतो. आणि जगला वाचला तर तो तिथल्या माशांची अंडी खातो, आपल्या पेटीतला रोग पऱ्यात नेतो. एकाला अभय देताना शंभरांना भय. महाडजवळ वाळणकोंडला आम्ही बायका एकदा गेलो होतो. वरदायिनी देवीचा डोह आहे, त्यातले महसीर मासे गावकरी देवीचे मानतात, कुणी पकडत नाही. आम्हीही चुरमुरे टाकले, काय गर्दी झाली माशांची! पण आमची बस निघून गेल्यावर त्यांचं काही अडलं नाही. नदी त्यांची आहे, त्यांचं अन्न ते शोधतात. माझ्या पेटीतल्या तिघांना माझ्याशिवाय कोण आहे? हा फरक आपण तयार केलेला आहे, तेव्हा निभवायचाही आपणच.

मृगसेन धीवराची गोष्ट तुम्ही पाठशाळेत ऐकली असेल. मासे मारून पोट भरणारा माणूस. मुनिराजांनी त्याला एवढंच व्रत दिलं की जाळ्यात पहिला येईल तो मासा सोडून द्यायचा. पहिला मासा आला, त्याने खूण म्हणून चिंधी बांधून सोडला. पुन्हा जाळं टाकलं, पुन्हा तोच. असं पाच वेळा. तो रिकाम्या हाताने घरी गेला, बायकोने दार उघडलं नाही, बाहेर झोपला आणि साप चावून मेला. पुढच्या जन्मी धनकीर्ती म्हणून जन्मला आणि पाच वेळा मरणातून वाचला. लहानपणी मला त्यातला पाच वेळा वाचण्याचा भाग आवडायचा. आता वाटतं, मुनिराजांनी त्याला झेपेल एवढंच व्रत दिलं आणि त्याने ते नेमकं तेवढं पाळलं, हेच मोठं. माझंही व्रत छोटंसंच आहे : जेवढं दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालायचं, आणि हे तिघं आहेत तोवर त्यांचं नीट करायचं.

तर बाहुबलीला जाताना मी किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली. त्यांच्याकडे आठवड्यातून चार दिवस मासळी असते. म्हटलं, "खायला काही घालू नका. फक्त सकाळी मोजायचे आणि पंप चालू आहे का ते बघायचं." त्या हसून म्हणाल्या, "वैनी, आमच्या घरात मासे मोजतात ते ताटात वाढताना. तुमचे असे मोजते, निवांत जावा."

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू? पण सकाळी सहालाच त्यांचा निरोप आला : "तीन. पंप चालू." दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी जरा उशीर झाला तर मी 28 फुटी बाहुबली भगवंतांसमोर उभी राहून फोनकडे बघत होते. हे म्हणाले, "आधी दर्शन घे." तेवढ्यात आला निरोप : "तीन. त्यातला म्हातारा माझ्याकडे बघून तोंड उघडतो. पण नाय घातलं हो काय."

घरी आलो तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. केशऱ्या पुढे आला. त्याचा केशरी रंग आता पाठीवर फिकट झाला आहे, गोल्डफिश दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो म्हणतात. हात डब्याकडे गेला, तीन दिवसांचं भरून काढावं असं क्षणभर वाटलंच. मग अर्धीच चिमूट घातली आणि दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. एकही दाणा तळाशी गेला नाही.

रात्री नातवाचा पुण्याहून फोन आला. आता आवाज फुटलाय त्याचा. पहिला प्रश्न तोच, "केशऱ्या कसा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे. मी काही घातलं नव्हतं." तो म्हणाला, "शहाणी झालीस आजी."

जय जिनेंद्र.